पुण्याचा 'सवाई' आणि आपली मंडई

दिवाळी सरली, बांध्यांतले धान कापून झाले, पुंजणे रचले गेले, की आपल्या साकोलीच्या आसपास गावोगाव मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, पाहुण्यांची वर्दळ आणि दंडार, रात्री नाटक. नाटक तरी कसे? रात्री दहाला पडदा वर जायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत खाली यायचा नाही. अंगावर घोंगडे, कुशीत झोपलेले पोर, शेजारी शेंगांची पुडी, अशा थाटात सारे गाव जागते. तेव्हा रात्र जागवणे म्हणजे काय, हे आपल्या झाडीपट्टीला कोणी शिकवायला नको.

अशाच एका मंडईत आमच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "गुरुजी, पुण्याले म्हणे नुसतं गाणं आयकाले हजारो मानसं बसतेत. नाटक नाई, सोंग नाई, गोष्ट नाई. मंग झोप नाई येत का जी त्याइले?" प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

पुण्यात दरवर्षी डिसेंबर महिन्यात अभिजात संगीताचा एक मोठा उत्सव होतो. त्याचे आजचे पुरे नाव 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव'. लोक नुसते 'सवाई' म्हणतात. "यंदा सवाईला येणार का?" एवढे विचारले की पुणेकराला पुढचे सांगावे लागत नाही. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था तो भरवते. 1953 साली त्याचा आरंभ झाला.

आता हे सवाई गंधर्व कोण? त्यांचे खरे नाव रामभाऊ कुंदगोळकर. जन्म 1886 सालचा, धारवाडकडच्या कुंदगोळ या गावचा. मातृभाषा कन्नड, पण नाव गाजले ते मराठी रंगभूमीवर. पदवीची कथा आपल्या वैदर्भीयांना विशेष गोड वाटेल. रामभाऊ नाटक मंडळीबरोबर अमरावतीला आले होते. त्यांचे गाणे ऐकून दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले, असे सांगतात. त्या काळी बालगंधर्वांच्या नावाची द्वाही सगळीकडे फिरत होती. तेव्हा हा गंधर्व सवाई! जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी पाठ केलेल्या मंडळींना अर्थ सांगायला नको. एकाचे सव्वा ते सवाई. जयपूरचा राजा जयसिंग 'सवाई', पेशव्यांच्या घरचा माधवराव 'सवाई', तसा हा गंधर्व सवाई. पुढे मूळ आडनाव मागे पडले आणि पदवीच नाव होऊन बसली.

रामभाऊंचे गुरू होते उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब मूळचे उत्तर हिंदुस्थानातल्या कैराना गावच्या घराण्यातले. त्यावरूनच 'किराणा' घराणे हे नाव पडले. त्याचा मीठमिरचीच्या किराण्याशी काही संबंध नाही, हे शिक्षक बंधूंनी मुलांना जरूर सांगावे, कारण हा घोटाळा मी स्वतः लहानपणी बरीच वर्षे बाळगला होता. खाँसाहेब पुढे मिरजेला स्थायिक झाले. 1937 साली ते वारले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गवई मंडळी हजेरी लावतात, तीही परंपरा जुनी आहे. गुरूची आठवण गाऊन करायची, ही रीत या घराण्यात अशी आधीपासूनच होती.

आपल्या शिष्याने नाटकात जावे हे खाँसाहेबांना रुचले नव्हते. पण रामभाऊ गेले आणि त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. 'सौभद्र' नाटकातली सुभद्रा ही त्यांतली एक. आपल्या झाडीत पुरुष नट लुगडे नेसून रात्र-रात्र गात असत, ते पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. तेव्हा शास्त्रीय गाणे म्हणजे कुठली तरी परकी, शहरी चीज, असे आपण मनात धरू नये. ज्याच्या नावाने पुण्याचा हा उत्सव चालतो, तो माणूस आपल्यासारख्याच नाटकवेड्या लोकांपुढे लुगडे नेसून उभा राहिलेला आहे.

नाटक सोडल्यावर रामभाऊंनी शिष्य घडवले आणि त्यांचे खरे मोठेपण मला तिथे वाटते. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू हेही त्यांचेच. आणि भीमसेन जोशी! 1922 साली गदगला जन्मलेला हा मुलगा अकरा वर्षांचा असताना गुरू शोधायला घरातून पळून गेला. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानांवर पडली होती, तसे गाणे आपल्याला आले पाहिजे, एवढाच ध्यास. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर अशी वणवण करून शेवटी गुरू सापडला तो घराच्या जवळच, कुंदगोळला! तिथे गुरूच्या घरी पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे. 1936 पासून पुढची काही वर्षे अशी गेली.

सवाई गंधर्वांची शेवटची वर्षे अर्धांगवायूच्या दुखण्यात गेली. 12 सप्टेंबर 1952 रोजी पुण्यात ते वारले. दुसऱ्या वर्षी पुण्यतिथीच्या निमित्ताने शिष्यमंडळींनी गाऊन गुरूला वंदन करायचे ठरवले. गुरूचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि भीमसेन जोशी यांनी पुढाकार घेतला. त्यातून हा उत्सव उभा राहिला. घरच्या श्राद्धासारखी सुरुवात आणि आज मैदानभर माणसे! पुण्यतिथी सप्टेंबरातली, पण उत्सव भरतो डिसेंबरात. ते एका परीने बरेच झाले. भर पावसात उघड्या मैदानावर मांडव कुठे टिकायचा?

भीमसेनांनी या उत्सवासाठी काय केले नाही? त्यांनी कलावंत बोलावले, व्यवस्था पाहिली आणि वर्षानुवर्षे शेवटचे गाणेही स्वतः गायले. किराण्याच्या शिष्यांचा उत्सव असूनही इतर घराण्यांचे गवई, सतार, सरोद, बासरी, संतूर वाजवणारे, नृत्य करणारे, कर्नाटक पद्धतीने गाणारे असे सगळे त्यांनी त्या व्यासपीठावर आणले. नव्या पोरांनाही नामांकितांच्या शेजारी जागा मिळाली. 2008 साली भीमसेनांना भारतरत्न जाहीर झाले, जानेवारी 2011 मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षापासून उत्सवाच्या नावात गुरूच्या शेजारी शिष्याचे नाव आले. सवाई गंधर्वांना सव्वापट शिष्य मिळाला म्हणायचा!

आता त्या शेतकरी दादांचा प्रश्न. गोष्ट नाही, सोंग नाही, मग माणूस जागा राहतो कशावर?

आपण धानाला पाणी देतो ते कसे, ते डोळ्यांपुढे आणा. तलावाच्या पाळीतून पाणी सुटते, पाटाने येते आणि वरच्या बांधीत शिरते. ती बांधी काठोकाठ भरल्याशिवाय पाणी खालच्या बांधीत उतरत नाही. घाई करून चालत नाही. किराणा घराण्याचा गवई राग मांडतो तो असाच. आधी 'सा' लावील. तो नीट भरला, मांडवभर पसरला, की मग 'रे'. त्या 'रे'वर थांबेल, मागे जाईल, पुन्हा येईल. असे करीत करीत वरच्या 'सा'पर्यंत जायला त्याला अर्धा तास लागतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटते, हा बुवा एकच शब्द घोळतो आहे. ज्याला ठाऊक आहे तो वाट पाहत असतो, की आता पाणी पुढच्या बांधीत उतरणार, आता उतरणार! आणि उतरले की तोंडातून 'वाहवा' आपोआप निघते. तबलजीचा ठेका तोवर संथ चालू असतो, बहुधा बारा मात्रांचा एकताल. बारा मोजून पुन्हा पहिल्या मात्रेवर आले की ती 'सम'. गवई कितीही लांब फिरून आला तरी समेवर बिनचूक उतरतो. हात गुडघ्यावर ठेवून मात्रा मोजत ऐका, मग कळते त्यातली गंमत. पुढे लय वाढते, सोळा मात्रांचा तीनताल येतो, ताना सुटतात. तोवर पेंगणाराही जागा होतो.

दुसरी गोष्ट रागाच्या वेळेची. आपल्याकडे दिवस-रात्रीचे आठ प्रहर मानतात, एकेक तीन तासांचा. रागांनाही असे प्रहर नेमून दिलेले आहेत. यमन रात्रीच्या आरंभाचा. मारवा, पुरिया दिवस बुडतानाचे. बागेश्री, बिहाग त्याच्या पुढचे. दरबारी आणि मालकंस मध्यरात्रीच्या सुमाराचे. झुंजूमुंजू व्हायच्या आधी ललित. उजाडताना भैरव, त्यानंतर तोडी. दुपारी सारंग, दिवस कलताना भीमपलास आणि मुलतानी. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा गोळा केल्या, राग दहा थाटांत बसवले आणि वेळेच्या या परंपरेमागचा नियमही शोधायचा प्रयत्न केला. वेळेचे बंधन कितपत खरे, यावर जाणत्यांत वाद आहे. पण शेतकऱ्याला त्यात नवल वाटू नये. पहाटेचे जात्यावरचे गाणे कोणी भर दुपारी म्हणत नाही, आणि अंगाई सकाळी म्हटली तर ती नुसती ओरड होते.

हा उत्सव अनेक वर्षे रात्रभर चालत असे. तीन रात्री, आणि शेवटचे गाणे उजाडल्यावर. त्या काळात मी एकदा गेलो होतो. गोंदियाला महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. एक दिवस आणि जवळजवळ एक रात्र गाडीत काढून पुण्याला उतरलो. खिशात बेताचे पैसे, तेव्हा खुर्चीचे तिकीट परवडणारे नव्हते. सतरंजीवर बैठक मारली. पहिल्या रात्री बारापर्यंत मोठ्या ऐटीत बसलो, एकला डुलक्या येऊ लागल्या, दोनला सरळ आडवा झालो. जाग आली तेव्हा कोणी तरी दरबारी गात होते. मंद्रातला तो आंदोलित गंधार! अंगावरचे पांघरूण बाजूला झाले, थंडी बोचत होती, तरी उठून बसलो तो सकाळपर्यंत बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी थर्मासमधला अर्धा कप चहा माझ्यापुढे केला आणि बोटाने 'बोलू नका' अशी खूण केली. उजाडले, झाडांवर पाखरे कलकलू लागली आणि वर व्यासपीठावर तोडी सुरू झाली. राग आणि वेळ यांची गाठ म्हणजे काय, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. त्या सकाळी ते कानांनी कळले.

श्रोतेहो, ती रात्र आता राहिलेली नाही.

2000 साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावायला बंदी आली. राज्य सरकारला वर्षातले काही मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे नियम कडक पाळण्याचा निर्वाळा दिला. 'सवाई'ने आपली घडी बदलली. रात्रीच्या जागी दुपार-संध्याकाळच्या बैठका आल्या आणि दिवसांची संख्या वाढली. गाणे तेवढेच, किंबहुना जास्तच, पण मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे प्रहर हातचे गेले. ललित, भटियार हे त्या मांडवात त्यांच्या वेळेला ऐकण्याची सोय उरली नाही. दरबारी गायचाच तर लवकर गाऊन घ्यायचा.

नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. वस्तीच्या मध्यभागी मैदान. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचे पोर असते, पहाटे कामावर जाणारा असतो. त्यांच्या झोपेवर आपला मालकंस लादायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि खरे सांगू, कायद्याला डीजेचा दणका आणि तंबोऱ्याचा झणकार यांत फरक करता येत नाही. करावा अशी अपेक्षाही धरता येत नाही. पण त्या दणक्यामुळे तंबोऱ्याची रात्र गेली, हे दुःख मनात राहतेच. आपल्या झाडीतले नाटक अजून पहाटेपर्यंत चालते, कारण मांडव पडतो तो गावाच्या कडेला, आणि सारे गावच मांडवात असल्यामुळे तक्रार करायला घरी कोणी उरत नाही. तरी कायदा सगळ्या देशाला एकच आहे, हे आपल्या मंडळवाल्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. आज कर्णे आठ-आठ लावायचे आणि उद्या रात्रच गमवायची, असे आपल्याकडे होऊ शकते.

जागा बदलली की उत्सवाचा रंग बदलतो, याचीही उदाहरणे आहेत. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर, लेण्यांच्या सान्निध्यात, पर्यटन महामंडळाने नृत्य-संगीताचा उत्सव भरवला. समुद्र ओलांडून लाँचने जायचे, प्रकाशात उजळलेले पाषाण पाहायचे आणि गाणे ऐकून परतायचे. देखावा अपूर्व. पण परतीच्या लाँचकडे ज्याचा एक डोळा आहे, तो विलंबित ख्याल किती ऐकणार, अशी शंका माझ्यासारख्याला येते. 'सवाई'चेही मैदान बदलले. अनेक वर्षे तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे, 2018 पासून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर होऊ लागला. जुन्या लोकांनी थोडी कुरकुर केली आणि सतरंज्या उचलून नव्या मैदानावर जाऊन बसले.

आता तुम्ही म्हणाल, हे पुण्याचे झाले; साकोलीच्या पोराने काय करावे? भाड्याला पैसे नाहीत, आणि डिसेंबरात धानाची चुरणी सुरू. त्यासाठीच तर रेडिओ आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 सालचे. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम 1952 साली सुरू झाला आणि आकाशवाणी संगीत संमेलन 1954 साली. राजांच्या दरबारात कोंडलेले गाणे खेड्यातल्या घरापर्यंत पोचले ते या वाटेने. एक जुनी गंमतही सांगून टाकतो. आपल्या भजनात, नाटकात जी पेटी हवीच असते, तिला आकाशवाणीत 1940 पासून सुमारे तीस वर्षे मज्जाव होता. तिचे सूर ठोकळ, त्यांत मींड निघत नाही, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच खोटा नव्हे. दरबारीचा तो आंदोलित गंधार पेटीवर खरोखरच निघत नाही. पण लोकांनी पेटी सोडली नाही, आणि शेवटी आकाशवाणीनेही दार उघडले. आज 'सवाई'त मोठमोठ्या गायकांच्या डाव्या हाताला पेटीवाला बसलेला असतो.

शिक्षक बंधूंनी मुलांना एकदम तासाभराचा ख्याल ऐकवू नये. पोरे खिडकीबाहेर पाहू लागतील. आधी एखादे नाट्यपद ऐकवावे, मग त्याच रागातली छोटी चीज. टाळी देऊन सम पकडायला लावावे. सकाळच्या प्रार्थनेआधी पाच मिनिटे सकाळचा राग लावून ठेवला, कोणता ते न सांगता, तरी पुरे. आमच्या शाळेत एका वर्षी हे केले. वर्षाअखेरीस एका मुलाने भूप ओळखला, विचारले, "कसा ओळखलास?" तर म्हणाला, "गुरुजी, हा आपल्या आंगणात झाडताना वाजतो तो." भूप खरे तर रात्रीच्या आरंभाचा, सकाळी लावण्यात चूक माझीच होती, पण पोराने ओळखला होता.

2020 आणि 2021 या दोन वर्षी साथीमुळे उत्सव झाला नाही. 2022 च्या डिसेंबरात अडुसष्टावा महोत्सव भरला. भीमसेनांनंतर कित्येक वर्षे समारोपाचे गाणे डॉ. प्रभा अत्रे यांनी गायले. त्याही जानेवारी 2024 मध्ये गेल्या.

शेवटचे जिवंत गाणे संपले तरी उत्सव संपत नाही. मग एक जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. तबकडीच्या एका बाजूवर मावणारी, तीन-साडेतीन मिनिटांची, खरखर ऐकू येणारी: खुद्द सवाई गंधर्वांची भैरवी. निघायला उठलेली माणसे जिथल्या तिथे थांबतात. चपला हातात, पोर खांद्यावर, कोणी खांबाला टेकलेले. दादांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे साऱ्यायच्या मांगून गुरूच गाते म्हना."